पापनिवेदन झाले, पण ज्याचे घेतले त्याचे काय?

वाडीवाला

ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू आहे आणि येत्या आठवड्यात आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) संयुक्त पापनिवेदनाची, म्हणजे फादरांजवळ आपली पापे सांगून क्षमा मागण्याची, संध्याकाळ आहे. वसईत राहणाऱ्यांना हा प्रकार ठाऊकच आहे. आजूबाजूच्या धर्मग्रामांतले फादर मदतीला येतात, चर्चच्या दोन्ही अंगांना खुर्च्या मांडल्या जातात आणि दीड-दोन तासांत शेकडो माणसे मोकळी होऊन घरी जातात. माझी शंका या मोकळे होण्याविषयीच आहे.

आमच्या भावकीतील एका गृहस्थांनी आपल्या विधवा वहिनीला 'वारसनोंदीचे काम आहे' असे सांगून नोंदणी कार्यालयात नेले आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली. कागद तिला वाचून दाखवला नाही. सातबाऱ्यावरून आपले नाव गेले आहे, हे तिला फार उशिरा कळले. हे गृहस्थ दरवर्षी पापनिवेदनाच्या रांगेत पहिल्या दहांत असतात. ते आत काय सांगतात हे मला माहीत नाही आणि माहीत करून घेण्याचा अधिकारही नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे. समजा, त्यांनी सर्व काही प्रामाणिकपणे सांगितले आणि फादरांनी तीन 'नमो मारिया' म्हणायला सांगून पापक्षमा दिली, तर ती क्षमा खरी मानायची का? जमीन तर त्यांच्याच नावावर आहे. माझे मत असे की, घेतलेले परत केल्याखेरीज पश्चात्ताप पूर्ण होत नाही आणि आमच्याकडे ही गोष्ट कोणी स्पष्ट सांगत नाही.

रविवार_शाळा

आपले मत चर्चच्या शिकवणुकीपासून जराही दूर नाही. मी बरीच वर्षे मुलांना धर्मशिक्षण देते, त्यामुळे थोडे मास्तरकीच्या सुरात लिहिते, त्याबद्दल राग नसावा.

या संस्कारात पश्चात्ताप, निवेदन आणि भरपाई ही तीन कामे पापनिवेदन करणाऱ्याची आहेत आणि पापक्षमा देणे हे धर्मगुरूचे. १५५१ साली ट्रेंट येथील धर्मपरिषदेने हीच मांडणी कायम केली. आपण भरपाई म्हणजे फादरांनी दिलेली प्रार्थना असे समजतो. परंतु १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातील परिच्छेद १४५९ उघडून पाहा. शेजाऱ्याचे नुकसान झाले असेल तर ते भरून काढण्यासाठी शक्य ते सर्व करावे, चोरलेली वस्तू परत करावी, ज्याची बदनामी केली त्याचे नाव पुन्हा स्वच्छ करावे, असे तेथे सरळ शब्दांत आहे. पुढे असेही म्हटले आहे की, पापक्षमेने पाप जाते, पण पापामुळे झालेली सगळी मोडतोड त्यामुळे दुरुस्त होत नाही.

आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर असे. परत करणे शक्य असूनही ज्याचा परत करण्याचा मुळीच इरादा नाही, त्याचा पश्चात्ताप अपुरा नसून तो पश्चात्तापच नव्हे. अशा वेळी धर्मगुरू पापक्षमा थांबवू शकतात. मात्र इरादा प्रामाणिक असेल आणि प्रत्यक्ष परतफेडीला वेळ लागणार असेल, तर क्षमा आजच मिळते आणि कर्तव्य डोक्यावर राहते. लूकच्या शुभवर्तमानातील जकातदार जक्कय आठवा. येशूने त्याच्याकडे काहीही मागितले नव्हते. ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत देतो, असे तो स्वतःहून म्हणाला.

मागच्या_बाकावरून

रांगेविषयी एक निरीक्षण नोंदवतो. संयुक्त पापनिवेदनाच्या दिवशी प्रत्येक जण स्वतःच्या पापांपेक्षा पुढच्याला किती वेळ लागतो याकडे अधिक लक्ष ठेवून असतो. तीन मिनिटांच्या वर गेले की मागच्या बाया एकमेकींकडे पाहू लागतात. त्या भीतीने कित्येक जण अर्धी पापे पुढच्या वर्षावर ढकलत असतील, अशी मला दाट शंका आहे.

नगरकर

मी अहमदनगरच्या प्रोटेस्टंट घरातला आहे, त्यामुळे हा धागा बाहेरून वाचतो आहे. आमच्याकडे रविवारच्या उपासनेत सर्व मंडळी एकत्र पापांगिकाराची प्रार्थना करतात आणि उरलेले ज्याने त्याने देवाजवळ एकांतात बोलावे, अशी रीत आहे. वाडीवाला यांनी सांगितलेल्या प्रकरणात मधला माणूस ही सोय झाली आहे, असे मला वाटते. ज्या वहिनीचे घेतले तिच्यासमोर उभे राहण्याऐवजी दुसऱ्याच कोणासमोर गुडघे टेकले की काम भागते. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू काय म्हणतो? वेदीशी अर्पण आणताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेव आणि आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. या आज्ञेत फादर कोठे आहेत?

रविवार_शाळा

नगरकर, आपण दिलेला उतारा आम्हीही वाचतो आणि त्यापुढे मान खाली घालतो. पण योहानाच्या विसाव्या अध्यायात पुनरुत्थित येशू शिष्यांवर फुंकर घालून 'ज्यांच्या पापांची क्षमा तुम्ही कराल त्यांना ती झाली आहे' असेही म्हणतो, आणि याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पापे कबूल करा असे सांगितले आहे. शिवाय एकांतात देवाजवळ बोलताना आपणच फिर्यादी, आपणच वकील आणि आपणच न्यायाधीश असतो. 'मी वहिनीला फसवले' हे तीन शब्द दुसऱ्या माणसाच्या कानात उच्चारणे किती जड जाते, हे एकदा करून पाहावे. सोय म्हणून कोणी या रांगेत उभे राहत असेल, असे मला वाटत नाही.

इतिहासाची_आवड

आजची पद्धत आहे तशीच पहिल्या शतकापासून चालत आली, असा आपल्याकडे समज आहे. तो खरा नाही, आणि खरा इतिहास वाडीवाला यांच्या मुद्द्याला धरून आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

पहिल्या काही शतकांत खून, व्यभिचार, श्रद्धात्याग यांसारख्या गंभीर पापांसाठी प्रायश्चित्त उघड असे. पापी माणूस प्रायश्चित्त करणाऱ्यांच्या वेगळ्या गटात बसे, त्याला ख्रिस्तशरीर (उपासनेत मिळणारी पवित्र भाकर) मिळत नसे, आणि महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे उपवास व प्रार्थना झाल्यावर बिशप त्याला पुन्हा मंडळीत घेत. ही संधी आयुष्यात एकदाच मिळे. साहजिकच माणसे ती मरणाच्या दारापर्यंत लांबवू लागली. सहाव्या-सातव्या शतकांत आयरिश मठवासी युरोपात फिरू लागले आणि त्यांच्याबरोबर खासगी, पुन्हा पुन्हा करता येणारे पापनिवेदन आले. त्यांच्याजवळ चक्क दरपत्रकासारखी पुस्तके असत. अमुक पापाला इतके दिवस भाकरी-पाण्यावर राहावे, तमुक पापाला इतकी वर्षे. स्पेनमधील बिशपांना हा प्रकार मुळीच रुचला नव्हता आणि ५८९ साली टोलेडोच्या परिषदेत त्यांनी त्याचा निषेध केला. तरीही टिकला तो आयरिश मार्गच. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक प्रौढ श्रद्धावंताने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन केलेच पाहिजे असा नियम केला आणि त्याच कलमात गुप्तता मोडणाऱ्या धर्मगुरूला पदावरून दूर करून आयुष्यभर मठात डांबण्याची शिक्षा सांगितली.

पापनिवेदनाची जाळीची लाकडी खोली तर त्याहून कितीतरी नंतरची. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी ती आपल्या प्रांतात सक्तीची केली. धर्मगुरू आणि स्त्रिया यांच्यात अंतर राहावे, हा त्यामागचा एक स्पष्ट हेतू होता.

माझा मुद्दा असा की, उघड प्रायश्चित्ताच्या काळात त्या वहिनीला आणि सगळ्या गावाला दिसले असते की या माणसाने आपली चूक मान्य केली आहे. खासगी पद्धतीत दया वाढली, माणसाची लाज राखली गेली, हे मोठेच काम झाले. त्याची किंमत मात्र ज्याचे नुकसान झाले त्याने मोजली, कारण तो या सगळ्या व्यवहारातून अदृश्य झाला.

मागच्या_बाकावरून

दरपत्रक पुन्हा सुरू झाले तर आमच्या पट्ट्यात बांध सरकवण्याचा दर सर्वांत वर असेल आणि तरीही रांग सर्वांत मोठी त्याचीच असेल.

काळा_डगला

मी वकिली करतो, म्हणून दोन बाजूंनी लिहितो.

पहिली बाजू गुप्ततेची. चर्चच्या १९८३ च्या कायदेसंग्रहातील कलम ९८३ नुसार पापनिवेदनातील गुप्तता अभंग आहे. शब्दाने, खुणेने किंवा अन्य कोणत्याही रीतीने, कोणत्याही कारणास्तव धर्मगुरू ती मोडू शकत नाही. थेट मोडल्यास तो त्याच क्षणी बहिष्कृत होतो आणि ते बहिष्करण उठवण्याचा अधिकार फक्त रोमकडे राहतो. कलम ९८४ याच्याही पुढे जाते. पापनिवेदनातून मिळालेली माहिती त्या माणसाला तोट्याची ठरेल अशा रीतीने वापरताही येत नाही, मग तिचा उच्चार झाला नाही तरी. म्हणजे वहिनी उद्या त्याच फादरांकडे रडत आली, तरी ते तिला 'नोंदणी कार्यालयात जाऊन कागद पाहा' एवढेही त्या माहितीच्या आधारे सुचवू शकत नाहीत. भारताच्या पुराव्याच्या कायद्यात मात्र वकील आणि पक्षकार यांच्यातील संभाषणाला जसे स्पष्ट संरक्षण आहे, तसे धर्मगुरूला दिलेले नाही.

दुसरी बाजू जमिनीची. वसईच्या ख्रिस्ती माणसाला हिंदू वारसा कायदा लागू नसून १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल आणि मुले असतील तर विधवेला एकतृतीयांश हिस्सा मिळतो, मुले नसून इतर नातेवाईक असतील तर निम्मा. आपल्याकडील अनेक घरांत 'बाईचा काय संबंध' असे अजूनही म्हटले जाते, आणि म्हणणाऱ्याला आपण काही पाप करतो आहोत असे वाटतही नाही. फसवणुकीने करून घेतलेला दस्त रद्द करून मागता येतो. त्यासाठी साधारणपणे फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. वाडीवाला यांनी त्या बाईंना धर्मशास्त्रापेक्षा ही मुदत आधी सांगावी.

यारा_काठचा

गुप्ततेचा विषय निघालाच आहे म्हणून मेलबर्नहून लिहितो. बालकांच्या लैंगिक शोषणाविषयी ऑस्ट्रेलियात नेमलेल्या रॉयल कमिशनने (चौकशी आयोगाने) डिसेंबर २०१७ मध्ये अंतिम अहवाल दिला. पापनिवेदनात कळलेल्या गोष्टीही कळवण्याचे बंधन असावे, अशी शिफारस त्यात होती. आमच्या व्हिक्टोरिया राज्यात २०२० पासून तसा कायदा लागू आहे आणि न कळवल्यास तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. येथील धर्मगुरूंनी, आम्ही तुरुंगात जाऊ पण गुप्तता मोडणार नाही, अशी भूमिका घेतली. मी स्वतः कॅथलिक आहे आणि तरीही माझे मन या बाबतीत दोन्ही बाजूंना ओढले जाते. गुप्तता नसेल तर असा गुन्हेगार मुळात तेथे येणारच नाही, हा युक्तिवाद मला पटतो. पण त्या मुलाला तो युक्तिवाद कोणी समजावून सांगावा?

तिसरी_रांग

यारा काठचे, आपल्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे, पण मला गुप्ततेपेक्षा दुसरीच गोष्ट अधिक सतावते. पापे ऐकायला बसलेला माणूस कोण आहे, यावर सगळे अवलंबून असते. २०१८ साली केरळमध्ये मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चच्या काही धर्मगुरूंवर, एका विवाहितेने पापनिवेदनात सांगितलेल्या गोष्टींच्या आधारे तिचे शोषण केल्याचा आरोप झाला. त्यानंतर राष्ट्रीय महिला आयोगाच्या अध्यक्षांनी पापनिवेदनाची प्रथाच बंद करण्याची शिफारस केली आणि कॅथलिक बिशपांनी तिला जोरदार विरोध केला. तो विरोध मला तेव्हाही योग्य वाटला आणि आजही वाटतो. परंतु आमच्यासारख्या बायकांना आत काय वाटते, हे त्या गदारोळात कोणी विचारले नाही.

लग्नाआधी एकदा मला एका धर्मगुरूंनी गरज नसताना नको इतके खोदून विचारले. मी उठून आले आणि नंतर बराच काळ रांगेत उभी राहिले नाही. पुढे एका सिस्टरनी मला सांगितले की, प्रश्न विचारताना धर्मगुरूने संयम आणि विवेक बाळगला पाहिजे, माणसाचे वय व परिस्थिती पाहिली पाहिजे, असा चर्चचाच नियम आहे, आणि अधिकार असलेल्या कोणत्याही धर्मगुरूकडे जाण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे. आता मी लांबच्या एका वृद्ध फादरांकडे जाते. ते फार कमी बोलतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये लिहिले होते की, पापनिवेदनाची जागा छळाची कोठडी होता कामा नये. हे वाक्य प्रत्येक खुर्चीसमोर लावावे, अशी माझी सूचना आहे.

रविवार_शाळा

तिसरी रांग, आपण लिहिलेत हे फार बरे केले. यावर मी काही शिकवण्याचा प्रयत्न करणार नाही.

नव्या_दमाचा

मला एक व्यावहारिक शंका आहे. नोकरीच्या वेळांमुळे मला चर्चच्या वेळा जमत नाहीत. फोनवरून किंवा व्हिडिओ कॉलवरून पापनिवेदन चालते का? करोनाच्या काळात चालत होते, असे कोणीतरी म्हणाले.

रविवार_शाळा

चालत नव्हते आणि आताही चालत नाही. धर्मगुरू आणि पापनिवेदन करणारा प्रत्यक्ष समोरासमोर हवेत. मार्च २०२० मध्ये रोमने दिलेली सवलत वेगळी होती. धर्मगुरूकडे जाणे अशक्य असेल तर देवावरील प्रेमापोटी खरा पश्चात्ताप करावा आणि शक्य होताच पापनिवेदन करण्याचा निश्चय करावा, म्हणजे गंभीर पापांचीही क्षमा मिळते, ही जुनीच शिकवण तेव्हा नव्याने आठवून दिली गेली. आपल्या फादरांना फोन करून वेळ मात्र जरूर मागावी. बहुतेक जण आनंदाने देतात.

विषयांतर झालेच आहे तर एक गोष्ट सांगते. पहिल्या पापनिवेदनाच्या वेळी माझ्या वर्गातील एका मुलाला स्वतःची पापेच आठवेनात, म्हणून त्याने थोरल्या भावाची यादी उतरवून घेतली. 'प्रगतिपुस्तकावर बाबांची खोटी सही केली' असे तो आत जाऊन गंभीरपणे सांगून आला. घरी आल्यावर ही हकीकत त्याने कौतुकाने सर्वांना सांगितली आणि वडिलांना थोरल्याचा पराक्रम कळला. फादरांनी बिचाऱ्यांनी गुप्तता पाळली होती.

अनंत_ठाणे

मी हिंदू आहे. येथे लिहावे की नाही या विचारात होतो, पण मूळ प्रश्न मला परका वाटत नाही. आमच्याकडे मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात प्रायश्चित्तांचा मोठा विस्तार आहे. दुसऱ्याच्या घरातून किरकोळ किमतीच्या वस्तू चोरल्या तर सांतपन कृच्छ्र (कडक उपवासाचे व्रत) करावे, पण आधी ती वस्तू परत करून, असे तेथे म्हटले आहे. त्या ग्रंथातील अनेक गोष्टी मला मुळीच मान्य नाहीत. हा क्रम मात्र मान्य आहे. प्रत्यक्षात आमच्याकडेही लोक परतफेड गाळून थेट गंगेवर जातात, हा भाग वेगळा.

विहिरीवरचा

वाडीवाला यांच्या प्रश्नाला आमच्या घरातली एक हकीकत जोडतो, कारण परतफेड झाली की सर्व सुरळीत होते, असा सूर येथे दिसतो.

मी शाळेत असताना आमच्या वाडीतल्या विहिरीवरचा पंप चोरीला गेला. तेव्हा केळीला पाणी देण्याचा ऐन हंगाम होता आणि वडिलांनी कर्ज काढून नवा पंप बसवला. बऱ्याच वर्षांनी एका रविवारी मिस्सा संपल्यावर फादरांनी वडिलांना बाजूला बोलावले आणि वर्तमानपत्रात गुंडाळून रबर लावलेले शंभराच्या नोटांचे एक पुडके त्यांच्या हातात दिले. 'ज्याने तुमचे घेतले होते त्याने परत केले आहे. मला काही विचारू नका,' एवढेच ते म्हणाले. पापनिवेदन करणाऱ्याचे नाव उघड न करता धर्मगुरूमार्फत परतफेड करण्याची ही रीत जुनी आहे, हे मला नंतर कळले. रक्कम पंपाच्या त्या वेळच्या किमतीहून थोडी अधिकच होती.

वडिलांना आनंद झाला असेल, असे आपल्याला वाटेल. तसे झाले नाही. तोपर्यंत चोर कोणीतरी बाहेरचा असावा, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. त्या दिवसापासून तो आपल्याच चर्चमध्ये येणारा कोणीतरी आहे, हे पक्के झाले. पुढे कित्येक दिवस ते ख्रिस्तशरीर घेऊन परतणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत बसत. आईने चिडून त्यांना पुढच्या बाकावर बसवायला सुरुवात केली. 'पैसे नसते दिले तरी चालले असते, येऊन सांगायला हवे होते,' असे ते म्हणत. आई म्हणे की, येऊन सांगितले असते तर तुम्ही त्याला विहिरीत ढकलला असता. दोघांचेही खरे होते.

इतिहासाची_आवड

विहिरीवरचे, मी वर 'अदृश्य' हा शब्द वापरला तो नुकसान झालेल्या माणसासाठी. आपल्या हकीकतीत नुकसान करणारा अदृश्य राहिला. आता माझ्या मांडणीचा मला पुन्हा विचार करावा लागेल.

नगरकर

माझे मत मात्र या हकीकतीने अधिकच पक्के झाले. तरीही एक गोष्ट मान्य करतो. एकांतात केवळ देवाजवळ बोलणाऱ्या आमच्यातील किती जणांनी असे पुडके कोणाच्या घरी पोहोचवले असेल, याविषयी मी छातीठोकपणे काही सांगू शकत नाही.

वाडीवाला

सर्वांचे आभार. काळा डगला यांचा सल्ला मी त्या वहिनींच्या मुलीपर्यंत पोहोचवला आहे आणि ती कागदाची प्रत काढणार आहे. मुदतीचा हिशेब त्यानंतरच लागेल.

माझा मूळ प्रश्न आता थोडा बदलला आहे. या गृहस्थांनी गेल्या वर्षी चर्चच्या सणाला मोठी देणगी दिली आणि तिची घोषणाही झाली. मनात काही सलत असल्याशिवाय हा माणूस एवढी रक्कम देणार नाही, असे भावकीत बोलले जाते. ज्याचे घेतले त्याच्याऐवजी चर्चला किंवा गरिबांना दिले, तर ती परतफेड मानली जाते का?

रविवार_शाळा

नाही. ज्याचे नुकसान झाले तो हयात असेल तर त्यालाच परत करायचे, तो नसेल तर त्याच्या वारसांना. मालक कोण हे कळण्याचा काही मार्गच नसेल, तरच ती रक्कम गरिबांना किंवा धर्मकार्याला द्यावी, अशी परंपरेची शिकवण आहे. वहिनी तर त्याच गावात राहतात.

काळा_डगला

रविवार शाळा यांच्या उत्तराला कायद्याची पुस्ती जोडतो. त्या गृहस्थांना खरोखर परत करायचे असेल तर कोर्टाची पायरी चढण्याची गरज नाही. वहिनीच्या हिश्श्याचे बक्षीसपत्र करून ते नोंदवले आणि फेरफार मंजूर करून घेतला की सातबाऱ्यावर तिचे नाव पुन्हा लागते. जवळच्या नात्यात मुद्रांक शुल्काची सवलत बसते का, ते दुय्यम निबंधकांकडे आधी विचारून घ्यावे. हे सारे करताना कोणालाही काही कबूल करावे लागत नाही. दस्तात 'प्रेमापोटी देत आहे' असे छापील वाक्य असते, तेवढ्यावर भागते.

मागच्या_बाकावरून

छापील वाक्य वाचताना वहिनींचा चेहरा पाहायला मी साक्षीदार म्हणून सही करायला तयार आहे.